गिटारची पेडल्स कोणत्या क्रमाने जोडावीत, आणि त्या क्रमाने स्वर नेमका कुठे बदलतो?

वर्धाकाठ (धागालेखक)

नमस्कार मंडळी.

आर्वी तालुक्यातील एका खेड्यात माझे घर आहे. शेती सांभाळून मी लग्नसराईत, तसेच १४ एप्रिलच्या आगेमागे होणाऱ्या भीमगीतांच्या कार्यक्रमांत वाद्यवृंदाबरोबर इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. पेडल्स, म्हणजे गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये जोडून पायाने चालू-बंद करायच्या, स्वर बदलणाऱ्या छोट्या पेट्या, एकेक करून, बहुतेक जुनी विकत घेऊन, जमवली आहेत: ट्यूनर, वाह, कंप्रेसर, बूस्टर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस आणि डिले. ती ज्या क्रमाने घरात आली त्याच क्रमाने मी ती एका फळीवर बसवली होती. त्या क्रमात काही चूक असू शकेल, असे मला कधी वाटले नव्हते.

यंदाच्या एप्रिलमधील एका कार्यक्रमात गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा माझ्याकडे होता. तुकडा येताच मी बूस्टर दाबला. स्वर दाट झाला, त्याला गुरगुर आली, पण ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड यांच्या वर तो काही आला नाही. पेडलचा दिवा पेटलेला होता, म्हणजे बूस्टर चालू होता. कार्यक्रम संपल्यावर साऊंडवाल्या भावाने विचारले की, त्या तुकड्याला तुम्ही आवाज का वाढवला नाही. मी तो वाढवला होता, आणि तरीही तो वाढला नव्हता, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

त्यानंतरचे तीन आठवडे मी घरी, शेतातली लाइन बंद असते आणि मोटरपंपांची घरघर तारांतून येत नाही अशा वेळी, पेडल्सचा क्रम बदलून बदलून वाजवत बसलो. कारण सापडले ते असे.

डिस्टॉर्शन म्हणजे मुळात स्वराच्या लहरीचा माथा कापणे. समजा, गिटारमधून १०० मिलिव्होल्टचा स्वर निघाला आणि पेडलने तो ४० पट केला, तर तो ४ व्होल्ट व्हायला हवा. पण पेडलमधले सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टच्या वरचा भाग कापून टाकतात, त्यामुळे बाहेर ०.६ व्होल्टच येतात. आता डिस्टॉर्शनच्या आधी बूस्टर लावून १०० चे २०० मिलिव्होल्ट केले, तर आत ८ व्होल्टची मागणी होते आणि बाहेर पुन्हा ०.६ व्होल्टच येतात. कापणी जास्त झाली, म्हणून स्वर दाट झाला. आवाज मात्र होता तिथेच राहिला. तोच बूस्टर डिस्टॉर्शनच्या पुढे नेला की ०.६ चे १.२ व्होल्ट होतात आणि तुकडा खरोखर वर येतो. माझा बूस्टर डिस्टॉर्शनच्या आधी बसलेला होता.

हे कळल्यापासून मी पूर्ण साखळीकडे एकाच प्रश्नाने पाहतो: लहर कापली जाते ती जागा कोणती? त्या जागेच्या आधी जे पेडल असेल ते काय कापले जाणार हे ठरवते, आणि त्या जागेनंतर जे असेल ते कापून झालेल्या स्वराला वळण देते. प्रत्येक पेडलच्या बाबतीत हा प्रश्न विचारत गेल्यावर कानाला ऐकू येणारे बरेचसे फरक उलगडले.

वाहचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. वाह हे पायाने सरकवता येणारे गाळणे आहे. ते स्वरातील एका पट्ट्याला उठाव देते आणि पाय हलेल तसा तो पट्टा वर-खाली सरकतो. डिस्टॉर्शनच्या आधी वाह ठेवले तर उठाव मिळालेला पट्टा आधी आणि जास्त कापला जातो, बाकीचा स्वर तुलनेने स्वच्छ राहतो, आणि माणसाच्या तोंडातून ‘आ’चा ‘ऊ’ व्हावा तसा उच्चार गिटारला येतो. डिस्टॉर्शननंतर वाह ठेवले तर कापणीमुळे तयार झालेल्या असंख्य वरच्या स्वरांवरून ते गाळणे फिरते, आणि झाडूने अंगण साफ केल्यासारखा मोठा, रुंद झोत ऐकू येतो. जिमी हेंड्रिक्सने १९६९ मध्ये वुडस्टॉक येथे वाजवले तेव्हा त्याची साखळी वाह, मग फझ (लहर फार जोरात कापणारे पेडल), मग युनि-व्हाइब (स्वराला फिरती लाट देणारे पेडल) अशी होती. ती उच्चारासारखी वाह हवी असणाऱ्यांनी हा क्रम आधी करून पाहावा.

कंप्रेसरबाबत फार लिहिण्यासारखे नाही. तो मोठा आणि लहान आवाज दाबून एकसारखा करतो. तो कापणीच्या आधी ठेवावा. कापलेली लहर मुळातच दाबलेली असते, तिला पुन्हा दाबले की वाढतो तो फक्त मागचा सुरसुराट. आवाजाच्या पेडलचेही बूस्टरसारखेच आहे: ते आधी असेल तर गुरगुर कमी-जास्त होते, नंतर असेल तर आवाज.

डिलेचा अनुभव मात्र मला सविस्तर सांगायचा आहे. माझे डिले प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्या निम्मा करते. डिले डिस्टॉर्शनच्या आधी ठेवले, तेव्हा १०० मिलिव्होल्टच्या मूळ स्वरामागून ५०, २५ आणि १२.५ मिलिव्होल्टचे प्रतिध्वनी आत गेले. ४० पटीने ते २, १ आणि ०.५ व्होल्ट होतात. त्यांपैकी पहिले दोन ०.६ व्होल्टवर कापले जातात, म्हणजे मूळ स्वर आणि दोन प्रतिध्वनी एकाच उंचीचे ऐकू येतात. विरत जाणे म्हणून जे असते ते राहतच नाही. शिवाय मागचा प्रतिध्वनी आणि पुढचा नवा स्वर एकाच वेळी कापले गेल्यामुळे जो चिखल होतो, त्यात गाण्याची चाल बुडून जाते. म्हणून डिले मी शेवटी नेले आहे.

आपण सर्वांनी आपापली साखळी कारणांसह लिहावी, अशी विनंती आहे. ‘हे आधी, ते नंतर’ अशा याद्या पुष्कळ मिळतात, पण कारण कळल्याशिवाय यादीचा उपयोग होत नाही, असे माझे मत झाले आहे.

अंकुशसूत्र

वर्धाकाठ भाऊ, उत्तम धागा. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि घरी गिटार वाजवते. आपण कानाने जे शोधले त्याला गणितात सरळ आधार आहे, तो येथे मांडते.

मुलांना मी एक साधे उदाहरण देते. ‘दुप्पट करा’ आणि ‘तिप्पट करा’ या दोन क्रिया कोणत्याही क्रमाने केल्या तरी उत्तर एकच येते. आता दुसरी क्रिया बदलून ‘संख्या १० पेक्षा मोठी असेल तर तिची १० करा’ अशी ठेवू. ८ ही संख्या आधी दुप्पट केली तर १६ आणि मग कापून १० मिळतात. आधी कापायला घेतली तर ८ ची ८ राहते आणि मग दुप्पट होऊन १६ मिळतात. क्रम बदलताच उत्तर बदलले, कारण कापण्याची क्रिया रेषीय, म्हणजे आत आलेल्याच्या प्रमाणातच बाहेर देणारी, नाही.

पेडल्सचेही हेच आहे. स्थिर ठेवलेला इक्वलायझर (स्वरातले पट्टे कमी-जास्त करणारा), साधे डिले, साधा रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखा घुमारा देणारा) या रेषीय आणि काळानुसार न बदलणाऱ्या क्रिया आहेत. त्या आपापसांत कशाही फिरवल्या तरी शेवटचा स्वर एकच राहतो. इक्वलायझर डिलेच्या आधी असो वा नंतर, कानाला फरक कळण्याचे कारण नाही. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ आणि कंप्रेसर रेषीय नाहीत, म्हणून त्यांच्या आजूबाजूचा क्रम महत्त्वाचा ठरतो. कोरस, फेजर आणि ट्रेमोलो या दोहोंच्या मधल्या जागी येतात. ते रेषीय असले तरी काळानुसार बदलत राहतात, त्यामुळे डिलेबरोबर त्यांचा क्रम बदलला तर थोडा फरक पडतो. ट्रेमोलो (आवाज लाटेसारखा कमी-जास्त करणारे पेडल) डिलेच्या आधी असेल तर प्रत्येक प्रतिध्वनी आपली लाट बरोबर घेऊन येतो आणि त्या लाटा एकमेकींवर चढतात. नंतर असेल तर मूळ स्वर आणि सगळे प्रतिध्वनी एकाच लाटेवर वर-खाली होतात.

आपण ज्याला चिखल म्हटले आहे, त्याचाही हिशेब देता येतो. दोन स्वर एकत्र कापले गेले की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी होऊन नवे स्वर जन्मतात. पाचवी तार मोकळी सोडली तर ११० हर्ट्झ आणि चौथ्या तारेचा दुसरा पडदा दाबला तर साधारण १६५ हर्ट्झ मिळतात. त्यांची वजाबाकी ५५ हर्ट्झ येते, जो त्याच ‘ए’ स्वराचा खालचा सप्तक आहे. म्हणून दोन तारांचे हे पॉवर कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये भरदार वाटते. आता तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर दुसऱ्याच पडद्यावर २२० आणि २७७.१८ हर्ट्झचे स्वर एकत्र छेडून पाहा. वजाबाकी ५७.१८ हर्ट्झ येते. हा आकडा ५५ हर्ट्झचा ‘ए’ आणि ५८.२७ हर्ट्झचा ‘ए शार्प’ यांच्या मध्ये कुठेतरी पडतो, कोणत्याच पडद्यावर बसत नाही, आणि कानाला तो बेसूर तळ टोचतो.

डिले डिस्टॉर्शनच्या आधी ठेवल्यावर चालीतील मागचा आणि पुढचा स्वर नकळत असे एकत्र छेडले जातात. वाजवणारा एकेक स्वर वाजवत असतो आणि कापणीला मात्र जोड्या मिळत असतात.

वर्धाकाठ

अंकुशसूत्र ताई, आपले उदाहरण वाचून लगेच गिटार घेतली. २२० आणि २७७ ची जोडी डिस्टॉर्शनवर छेडली तेव्हा तो खालचा बेसूर घोगरेपणा पहिल्यांदा वेगळा ऐकू आला. आजवर मी त्याला तारा उतरल्याचा दोष समजून पुन्हा पुन्हा ट्यूनर दाबत होतो.

झाळणकाम

माझे हिंगणघाटकडे रेडिओ, ॲम्प्लिफायर आणि आता पेडल्सही दुरुस्त करण्याचे छोटे दुकान आहे. वरच्या चर्चेत एक बाजू राहिली आहे. पेडलचा क्रम फक्त स्वरावर कोणती क्रिया आधी होते एवढेच ठरवत नाही. कोणते सर्किट कोणत्या सर्किटला तोंड देऊन उभे आहे, हेही ठरवतो.

गिटारचा पिकअप म्हणजे तारांची कंपने विजेत बदलणारी हजारो वेढ्यांची गुंडाळी. तिच्यातून निघणारा विजेचा प्रवाह अतिशय दुबळा असतो आणि पुढच्या यंत्राने तो ओढू नये, म्हणून गिटार ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध) साधारण १ मेगाओहम ठेवतात. जुन्या धाटणीचे फझ, म्हणजे १९६६ साली आलेल्या फझ फेससारखे दोन ट्रान्झिस्टरचे सर्किट, याला अपवाद आहे. त्याचा इनपुट इम्पिडन्स काही किलोओहमच असतो, त्यामुळे ते पिकअपला दाबून ठेवते आणि पिकअप व फझ मिळून एकच सर्किट बनते. गिटारच्या आवाजाची खुंटी थोडी उतरवली की या फझची गुरगुर विरघळून स्वच्छ, चमकदार स्वर मिळतो, तो या जोडणीमुळेच. मध्ये बफर (दुबळ्या स्वराला जोर देऊन पुढे पाठवणारे सर्किट) असलेले पेडल आले की हे नाते तुटते. स्वर कर्कश होतो आणि खुंटी उतरवली तरी साफ होत नाही. माझ्याकडे ‘फझ बिघडले’ म्हणून जी आली, त्यांपैकी काहींत बिघाड नव्हताच. त्यांच्या आधी बफर असलेला ट्यूनर बसवलेला होता. म्हणून असे फझ असेल तर ते गिटारला थेट जोडावे आणि ट्यूनर त्याच्यानंतर घ्यावा. ‘ट्यूनर नेहमी पहिला’ हा नियम येथे लागू पडत नाही.

म्हणून बफर वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. केबलच्या दर मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धारिता असते. पिकअपचे इंडक्टन्स ४ हेन्री धरले आणि केबल ६ मीटर असली, तर गिटारच्या खुंट्यांपाशी असलेली थोडी धारिता मिळवून पिकअपचा उठाव ३ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. केबल १२ मीटर झाली की तो २.२ किलोहर्ट्झवर घसरतो आणि स्वरावर घोंगडे टाकल्यासारखे वाटते. सगळी पेडल्स ट्रू बायपास (बंद असताना स्वर सर्किटला न शिवता सरळ पुढे जाऊ देणारी) असतील तर बंद असतानाही प्रत्येक केबलची लांबी त्यात मिळत जाते. आपल्याकडे मांडवात स्टेज एका टोकाला आणि मिक्सर दुसऱ्या टोकाला असतो, तेव्हा साखळीच्या शेवटी एक तरी बफर हवाच. बॉसच्या छोट्या पेडल्सची मालिका १९७७ साली सुरू झाली, आणि त्या पेडल्समध्ये बंद असतानाही बफर चालू असतो. तसे एखादे पेडल शेवटी असले तरी काम भागते.

आता आपल्या भागापुरती एक खास गोष्ट सांगतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे फझ घेणार असाल तर उन्हाळ्याचा विचार करून घ्या. जर्मेनियमचा गळतीचा प्रवाह दर १० अंशांमागे साधारण दुप्पट होतो. २५ अंशांवर बसवलेले फझ मे महिन्यात ४५ अंशांच्या मांडवात नेले की गळती चौपट होते, ट्रान्झिस्टरचा बायस (कामासाठी ठरवलेला व्होल्टेज-बिंदू) सरकतो आणि स्वर तुटक, घुसमटलेला येतो. लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. वर्धा, चंद्रपूर, अकोला या पट्ट्यातल्या वादकांना मी सिलिकॉनचेच फझ सुचवतो. दुसरे असे की जर्मेनियमची बरीच जुनी सर्किटे पॉझिटिव्ह अर्थची (पुरवठ्याचे धन टोक अर्थला जोडलेली) असतात. ती इतर पेडल्सबरोबर एकाच अडॅप्टरच्या माळेत लावली तर पुरवठा शॉर्ट होतो. त्यांना वेगळी बॅटरी द्यावी.

मंडईची रात्र

मी देसाईगंज वडसा भागातला. झाडीपट्टीच्या नाटकांना संगीत देणाऱ्या चमूत गिटार वाजवतो. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी नाटके होतात, रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, आणि त्यात गाण्यांइतकेच काम प्रसंगांच्या पार्श्वसंगीताचे असते. त्या अनुभवावरून मला वर्धाकाठ भाऊंच्या एका निष्कर्षाशी असहमती नोंदवायची आहे.

डिले डिस्टॉर्शनच्या आधी ठेवणे ही चूक आहे, असे मी मानत नाही. नाटकात खलनायकाचा प्रवेश असतो, किंवा बाप घर सोडून जातो आणि पडदा पडेपर्यंत काहीतरी भरून ठेवायचे असते, तेव्हा मला स्वच्छ विरत जाणारे प्रतिध्वनी नको असतात. तेव्हा मी डिले आधी घेतो, गिटारचा एकच स्वर छेडतो आणि आवाजाची खुंटी हळूहळू चढवतो. आपणच हिशेब मांडला आहे की मूळ स्वर आणि पहिले दोन प्रतिध्वनी एकाच उंचीचे येतात. मला तीच भिंत हवी असते. एकच स्वर असल्यामुळे अंकुशसूत्र ताईंनी सांगितलेल्या बेसूर जोड्याही तयार होत नाहीत. चाल वाजवायची असेल तर डिले नंतर, आणि एकाच स्वरावर प्रसंग उभा करायचा असेल तर आधी, असा भेद मी करतो.

फेजरचेही तसेच. चार टप्प्यांचा फेजर स्वरात दोन खाचा पाडतो आणि त्या खाचा वर-खाली फिरवतो. डिस्टॉर्शननंतर लावला तर कापण्यासाठी त्याला वरचे भरपूर स्वर मिळतात आणि विमान डोक्यावरून गेल्यासारखा झोत येतो. आधी लावला तर हालचाल मऊ होते आणि ऐकणाऱ्याला फक्त स्वर जिवंत वाटतो. संवाद चालू असताना मी फेजर आधी घेतो, कारण नंतर घेतला तर तो नटाच्या आवाजावर चढतो. स्वर चांगला की वाईट हे ठरवण्याआधी त्या क्षणी स्टेजवर काय चालले आहे ते पाहावे, असे मला वाटते.

वर्धाकाठ

मंडईची रात्र भाऊ, आपले म्हणणे मान्य आहे. मी ‘चिखल’ हा शब्द गाण्याच्या चालीपुरता वापरायला हवा होता. तरी लग्नाच्या मांडवात, जिथे प्रत्येक गाणे ओळखीचे असते आणि लोक चालीचीच वाट पाहत असतात, तिथे माझे डिले शेवटीच राहील. दोन्ही हवे असतील तर दोन डिले लागतील. ते माझ्या आवाक्यात आले की करून पाहीन.

नवी तार

मी बारावीला आहे आणि पुसदजवळच्या गावात राहतो. माझ्याकडे वेगवेगळी पेडल्स नाहीत, एक जुने मल्टी-इफेक्ट यंत्र आहे आणि ॲम्पही नाही. गावातल्या कार्यक्रमात मी यंत्रातून थेट मिक्सरमध्ये जॅक लावतो. स्वच्छ स्वर चांगला येतो, पण डिस्टॉर्शन लावले की मधमाश्यांचे पोळे उठल्यासारखा आवाज येतो. घरी इअरफोनवरही तसाच येतो. मी वाह, डिले, रिव्हर्ब सर्वांची जागा बदलून पाहिली, तरी तो जात नाही. माझ्या गिटारमध्येच दोष आहे का?

झाळणकाम

नाही बाळा, गिटार ठीक असावी. तुझ्या साखळीतला एक दुवा गळालेला आहे, आणि तो पेडलच्या रूपात नसतो म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. गिटार ॲम्पचा स्पीकर हेही एक गाळणेच आहे. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर तो झपाट्याने मावळतो, आणि डिस्टॉर्शनमध्ये तयार झालेली वरची किरकिर तिथेच अडते. मिक्सरपुढचे टॉप (मोठे स्पीकर) आणि तुझा इअरफोन हे दोन्ही त्याच्या कितीतरी वरपर्यंत वाजतात, म्हणून ती किरकिर जशीच्या तशी कानावर येते.

तुझ्या यंत्रात कॅबिनेट किंवा स्पीकर सिम्युलेशन नावाची सोय असेल, ती चालू कर आणि डिस्टॉर्शनच्या नंतर ठेव. रिव्हर्ब तिच्या आधी की नंतर, याची चिंता करू नकोस. ताईंनी वर सांगितल्याप्रमाणे त्या दोन्ही रेषीय क्रिया आहेत, त्यामुळे एकच वाट असेल तर फरक पडणार नाही. यंत्रातून डावी-उजवी अशा दोन वाटा घेत असशील, तर मात्र रिव्हर्ब नंतर ठेव, नाहीतर त्याचा पसारा एका वाटेत गोळा होण्याचा संभव असतो.

सिम्युलेशन नसेल तर साऊंडवाल्याला सांगून तुझ्या चॅनलचा वरचा भाग चांगला उतरवून घे. पूर्ण इलाज होणार नाही, पण पोळे शांत होईल. आणि गिटार कधीही यंत्राशिवाय मिक्सरच्या लाइन इनपुटला थेट लावू नकोस. तो इनपुट साधारण १० किलोओहमचा असतो आणि पिकअपचा जीव त्यात गुदमरतो.

नवी तार

काका, सोय सापडली. ती बंद होती. चालू करून डिस्टॉर्शनच्या पुढे ठेवली आणि पोळे गेले. आपले फार आभार. आता वाह आधी आणि नंतर यांतला फरकही नीट ऐकू येतो. आधी सगळेच सारखे टोचत होते.

अंकुशसूत्र

गुणगुणीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून एक मुद्दा जोडते. आपल्या गावांत अर्थिंग बहुतेकदा कमकुवत असते आणि कार्यक्रम अनेकदा जनरेटरवर असतो. ५० हर्ट्झची गुणगुण पिकअपमधून येते, आणि स्वस्त अडॅप्टरमधून १०० हर्ट्झची भणभण येते. साखळीच्या सुरुवातीला शिरलेली गुणगुण डिस्टॉर्शनमध्ये स्वराबरोबर ४० पट होते. शेवटी शिरलेली तेवढीच राहते. म्हणून चांगला अडॅप्टर एकच परवडत असेल तर तो सुरुवातीच्या आणि जास्त गेन (स्वर कितीपट वाढवायचा ते प्रमाण) असलेल्या पेडल्सना द्यावा. डिजिटल डिले वेगळ्या पुरवठ्यावर ठेवावे, कारण त्याला १०० मिलिॲम्पिअर किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात आणि त्याच्या घड्याळाची शिट्टी सामाईक तारेतून इतरांत शिरते.

नॉइज गेट (स्वर थांबला की मागचा आवाज बंद करणारे पेडल) वापरत असाल तर तो डिस्टॉर्शननंतर आणि डिलेच्या आधी ठेवावा. मी एकदा तो सर्वांत शेवटी ठेवला होता, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी रिव्हर्बची शेपटी कात्रीने कापल्यासारखी तुटत होती.

मंडईची रात्र

ताई, यात एक भर. आमच्याकडे प्रकाशयोजनेचे डिमर आणि आमचा पुरवठा एकाच लाइनवर असतात. दिवे मंद केले की गिटारमध्ये भणभण वाढते, आणि नेमका तोच शांत प्रसंग असतो. तेव्हा गेट लावण्यापेक्षा डिस्टॉर्शनचा गेन निम्मा करून त्याच्या आधी ओव्हरड्राइव्ह घेतलेला मला बरा वाटला. ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह ७२० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग उचलतो आणि खालचा भाग कापणीपर्यंत कमी जाऊ देतो, त्यामुळे तीच गुरगुर कमी गेनमध्ये मिळते आणि शांत प्रसंगात ओव्हरड्राइव्ह बंद केला की गुणगुणही खाली येते.

वर्धाकाठ

सर्वांच्या सूचना घेऊन फळी पुन्हा बांधली. आता क्रम असा आहे: गिटारमधून वाह, मग ट्यूनर, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, बूस्टर, कोरस आणि शेवटी डिले. माझ्याकडे जुन्या धाटणीचे फझ नाही, तेव्हा ट्यूनर पहिला ठेवला असता तरी चालले असते. वाह पायाखाली उजव्या टोकाला यावे एवढ्यासाठी ते पहिले आहे. डिले बॉसचे आहे, त्यामुळे शेवटचा बफर आपोआप मिळाला. मंडईची रात्र भाऊंनी सांगितल्याप्रमाणे डिस्टॉर्शनचा गेन उतरवून ओव्हरड्राइव्ह आधी घेतला, त्यात गुणगुण कमी झाली ती झालीच, पण जाड तारांवरचा घुमाराही आवरला गेला. कोरस डिस्टॉर्शनच्या आधीही लावून पाहिला. त्यात मूळ आणि किंचित सरकलेला असे दोन स्वर एकत्र कापले जातात आणि कोरसचा गोडवा निघून जातो, म्हणून तो नंतरच ठेवला.

काल शेजारच्या गावात स्वागत समारंभाचा कार्यक्रम होता आणि साऊंडवाला भाऊ तोच होता. मी त्याला काही सांगितले नव्हते. पहिल्या गाण्याचा तुकडा आला, बूस्टर दाबला, आणि स्टेजवरून मला दिसले की त्याचा हात मिक्सरकडे गेला आणि माझा फेडर (आवाज कमी-जास्त करण्याची सरकपट्टी) खाली आला. दुसऱ्या गाण्याच्या आधी मी बूस्टरची खुंटी निम्म्यावर आणली आणि त्याला हाताने खूण केली, तेव्हा त्याने फेडर पुन्हा जागेवर नेला.